वंशाधारे नागरिकत्व : गोव्याच्या जन्मनोंदी आणि लिस्बन

जन्माबरोबर मिळणारे नागरिकत्व जगभर दोन तत्त्वांवर उभे आहे. पहिले जन्मभूमीचे : मूल ज्या देशाच्या हद्दीत जन्मले त्या देशाचे ते नागरिक. दुसरे वंशाचे : आईवडील ज्या देशाचे नागरिक त्याच देशाचे मूलही नागरिक, मग त्याचा जन्म कुठेही होवो. अमेरिकेचा भर पहिल्या तत्त्वावर आहे, युरोपातील बहुतेक देशांचा दुसऱ्यावर. भारत पहिल्याकडून दुसऱ्याकडे सरकत गेला. २६ जानेवारी १९५० पासून जून १९८७ अखेरपर्यंत भारतात जन्मलेले मूल सर्वसाधारणपणे भारतीयच मानले जाई. १ जुलै १९८७ पासून आई किंवा वडील भारतीय असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून ती आणखी कडक झाली : दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला हवा.

वंशाचे तत्त्व मान्य केले की पुढचा प्रश्न येतो तो पिढ्यांचा. देश सोडून गेलेल्या माणसाच्या मुलाला नागरिकत्व द्यायचे हे बहुतेक देशांना मान्य असते. नातवाला, पणतवाला द्यायचे का, यावर मात्र प्रत्येक देशाचे उत्तर वेगळे आहे. आयर्लंडमध्ये आजी किंवा आजोबा जन्मले असतील, तर परदेशात जन्मलेल्या नातवाला तिथल्या परदेशी जन्मनोंदवहीत नाव घालून नागरिक होता येते. पणतवाला ते मिळण्यासाठी त्याच्या आईने किंवा वडिलांनी त्याच्या जन्माआधी स्वतःची नोंद केलेली असावी लागते. जर्मनीच्या राज्यघटनेचे ११६ वे कलम भरपाईच्या स्वरूपाचे आहे. ३० जानेवारी १९३३ ते ८ मे १९४५ या नाझी काळात राजकीय, वांशिक किंवा धार्मिक कारणांवरून ज्यांचे नागरिकत्व काढून घेतले, त्यांच्या वंशजांना ते परत मागता येते. इटलीने तर दीर्घकाळ पिढ्यांची मर्यादाच ठेवली नव्हती. पूर्वज १७ मार्च १८६१ रोजी, म्हणजे इटलीचे राज्य स्थापन झाले त्या दिवशी, हयात असला किंवा त्यानंतर जन्मला आणि पुढची साखळी कुठे तुटली नाही, एवढे दाखवले की पुरे. ब्राझील आणि अर्जेंटिनातील लाखो लोकांना ही वाट खुली होती. मार्च २०२५ मधील वटहुकुमाने आणि त्याच वर्षी मे महिन्यात झालेल्या कायद्याने इटलीने ती मुख्यतः आईवडील आणि आजीआजोबा इथपर्यंतच्या दुव्यावर आणून ठेवली.

इटलीच्याच कायद्यात आणखी एक बारकावा आहे आणि या विषयाचे मर्म त्यात दिसते. तिथे पूर्वी नागरिकत्व बापाकडूनच येई. आईकडून ते येऊ लागले १ जानेवारी १९४८ पासून, नव्या राज्यघटनेमुळे. त्यामुळे एकाच इटालियन बाईची दोन मुले, एक १९४७ साली जन्मलेले आणि दुसरे १९४९ साली, यांच्या वंशजांचे हक्क वेगळे झाले. मोठ्या भावाच्या मुलांना त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते. वंशाधारे नागरिकत्वात रक्ताचे नाते ही सुरुवात असते. निर्णय होतो तो दोन गोष्टींवर : त्या विशिष्ट दिवशी कायदा काय होता, आणि त्या दिवसाची नोंद कागदावर आहे का.

मराठी माणसांपैकी एका समाजाने हा अनुभव फार लवकर घेतला. अलिबाग, नवगाव, पेण, रेवदंडा या पट्ट्यातले बेने इस्रायली ज्यू, कोकणात ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, ते इस्रायलच्या स्थापनेनंतर मोठ्या संख्येने तिकडे गेले. इस्रायलच्या १९५० सालच्या ‘परतीच्या कायद्या’ने जगातल्या प्रत्येक ज्यूला तिथे येऊन नागरिक होण्याचा हक्क दिला होता, आणि १९७० च्या दुरुस्तीने तो ज्यूंच्या मुलांना व नातवंडांनाही मिळाला. बेने इस्रायलींना नागरिकत्व मिळाले, पण विवाहाच्या वेळी तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या वंशाची वेगळी चौकशी लावली. पिढ्यान्‌पिढ्या शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या लोकांना आपले ज्यूपण सिद्ध करायला सांगणे हा उघड अन्याय होता. त्याविरुद्ध आंदोलन झाले आणि १९६४ साली इस्रायली संसदेने ते पूर्णपणे ज्यू असल्याचे स्पष्ट केले, तेव्हा चौकशीचे ते आदेश मागे पडले. राज्याने नागरिक मानणे आणि समाजाने आपले मानणे या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे या प्रकरणात दिसले.

मराठी आणि कोंकणी मुलखात वंशाधारे नागरिकत्वाचे सर्वांत मोठे उदाहरण मात्र गोव्याचे आहे. तिथे देश सोडून कोणी गेले नव्हते; राज्यच बदलले होते.

१५१० साली आफोन्सो द आल्बुकेर्कने तिसवाडी जिंकली. १५४३ पर्यंत बार्देस आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. या ‘जुन्या काबिजादी’. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हे ‘नव्या काबिजादीं’चे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या ताब्यात आले. दमण आणि दीव सोळाव्या शतकापासूनच होते. या सर्व प्रदेशाचे नाव ‘एस्तादो द इंदिया’, म्हणजे पोर्तुगीज भारत राज्य. जुन्या काबिजादीत धर्मांतर झाले, नव्या काबिजादीत बहुतेक हिंदू राहिले. १९१० साली पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, तेव्हा धर्मावरून होणारा भेद कायद्यातून गेला आणि गोव्यातल्या हिंदूंना सरकारी नोकरी व शिक्षणाची दारे मोकळी झाली.

आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींशी तुलना केली की गोव्याचे वेगळेपण लक्षात येते. अंगोला, मोझांबिक आणि गिनी इथे बहुसंख्य स्थानिक लोकांना ‘इंदिजेना’, म्हणजे देशी रहिवासी, या वेगळ्या वर्गात ठेवले होते आणि त्यांना नागरिकाचे हक्क नव्हते. ती व्यवस्था १९६१ साली रद्द झाली. गोवा, दमण आणि दीव यांना ती कधी लागूच नव्हती. इथे जन्मलेला माणूस, हिंदू असो, ख्रिस्ती असो वा मुसलमान, कायद्याच्या नजरेत पोर्तुगीज नागरिक होता. सालाझारच्या हुकूमशाहीत त्या नागरिकत्वाला मत, भाषण, संघटना यांचे बळ नव्हते, आणि १५ ऑगस्ट १९५५ च्या गोवामुक्ती सत्याग्रहात नि:शस्त्र माणसांवर गोळ्या झाडणारे सरकारही तेच होते. तरीही कागदावर ते नागरिकत्व होते आणि त्याची नोंद ठेवली जात होती. आजचे सगळे हक्क त्या नोंदीतून निघतात.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी भारतीय सैन्यापुढे शरणागती पत्करली. दुसऱ्या दिवसापासून, २० डिसेंबरपासून, गोवा, दमण आणि दीव भारताचा भाग ठरले. राज्यघटनेच्या बाराव्या दुरुस्तीने त्यावर शिक्कामोर्तब झाले. प्रदेश आला, पण माणसांचे काय? त्याचे उत्तर २८ मार्च १९६२ च्या नागरिकत्व आदेशात आहे. ज्या व्यक्तीचा स्वतःचा, किंवा जिच्या आईवडिलांपैकी वा आजीआजोबांपैकी कोणाचाही जन्म २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात झाला होता, ती त्या दिवसापासून भारतीय नागरिक मानली गेली. ज्याला पूर्वीचेच नागरिकत्व ठेवायचे असेल त्याने एक महिन्याच्या आत प्रशासकाकडे लेखी कळवावे, अशी सोय त्यात होती. दादरा आणि नगर हवेली १९५४ सालीच मुक्त झाले होते; तिथल्या रहिवाशांसाठी वेगळा आदेश निघाला.

तशी लेखी घोषणा करणारे फार थोडे निघाले. त्यांच्यापैकी एकाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. रेमेदियोस मोंतेरो या गोमंतकीय धर्मगुरूंनी पोर्तुगीज राहणे पसंत केले होते. परदेशी नागरिक म्हणून त्यांना मिळालेला राहण्याचा परवाना नोव्हेंबर १९६४ मध्ये संपला. ते देश सोडून गेले नाहीत, म्हणून त्यांच्यावर परदेशी नागरिक कायद्याखाली खटला भरला गेला. गोवा हा लष्कराने व्यापलेला प्रदेश आहे आणि व्यापलेल्या प्रदेशातल्या माणसाला जिनिव्हा करारांचे संरक्षण मिळते, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९६९ साली न्यायालयाने तो फेटाळला : प्रदेश भारतात विलीन झाला तेव्हाच लष्करी ताबा संपला, आणि आपल्या जन्मगावातच का होईना, मोंतेरो आता परदेशी होते.

पोर्तुगालने मात्र हे विलीनीकरण मानले नव्हते. सालाझारच्या दृष्टीने गोवा पोर्तुगीजच होता, आणि म्हणून गोमंतकीयही. एप्रिल १९७४ च्या क्रांतीने लिस्बनमधील हुकूमशाही उलथली. नव्या सरकारने ३१ डिसेंबर १९७४ रोजी भारताशी करार केला आणि गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेली हे प्रदेश ज्या ज्या तारखांना भारतात आले त्या तारखांपासून त्यांवर भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. १९७५ साली आफ्रिकेतील वसाहती स्वतंत्र झाल्या, तेव्हा तिथल्या बहुसंख्य लोकांचे पोर्तुगीज नागरिकत्व संपवणारा हुकूम पोर्तुगालने काढला. तो ‘स्वतंत्र झालेल्या’ प्रदेशांपुरता होता. गोवा स्वतंत्र देश झाला नव्हता, तो भारतात सामील झाला होता. त्यामुळे हुकूम गोमंतकीयांना लागला नाही आणि पोर्तुगीज कायद्यात त्यांचे नागरिकत्व अबाधित राहिले.

अशा रीतीने एकाच माणसाविषयी दोन देशांचे कायदे दोन गोष्टी सांगू लागले. भारत म्हणतो, हा माणूस २० डिसेंबर १९६१ पासून आमचा. पोर्तुगाल म्हणतो, हा आमच्या भूमीवर आमचा म्हणून जन्मला आणि त्याने ते नागरिकत्व कधी सोडले नाही. १९८१ सालच्या पोर्तुगीज नागरिकत्व कायद्यानुसार अशा माणसाच्या परदेशात जन्मलेल्या मुलांनाही, त्यांची जन्मनोंद पोर्तुगालच्या नोंदवहीत झाली की, नागरिकत्व मिळते. ते नोंदणीच्या दिवसापासून नव्हे, जन्मापासून लागू झाल्याचे मानले जाते. म्हणून साखळी पुढे वाढू शकते : आजोबांची नोंद, मग वडिलांची, मग मुलाची. मधली पिढी ओलांडून आजीआजोबांच्या आधारे थेट नातवंडांनी अर्ज करण्याची तरतूदही आहे. त्यासाठी पोर्तुगीज भाषेचे पुरेसे ज्ञान असावे लागते आणि गंभीर गुन्ह्यातली शिक्षा आड येते. गोव्याच्या आजच्या तरुण पिढीत पोर्तुगीज जाणणारे कमी, त्यामुळे बहुतेकांचा भर पिढी-दर-पिढीच्या वाटेवर असतो.

ही वाट कायद्यात १९८१ पासून होती, पण तिला मोल आले ते नंतर. पोर्तुगाल १ जानेवारी १९८६ रोजी युरोपीय समुदायात आला. १९९० च्या दशकात युरोपीय संघाचे नागरिकत्व ही कल्पना प्रत्यक्षात आली, आणि पोर्तुगीज पासपोर्ट असणाऱ्याला संघातील कोणत्याही देशात राहण्याचा व काम करण्याचा हक्क मिळाला. आखातात आणि बोटीवर नोकरी करण्याची गोव्याची परंपरा जुनी होती. तिला आता इंग्लंडची जोड मिळाली. पोर्तुगीज झालेले गोमंतकीय पोर्तुगालमध्ये फारसे राहिले नाहीत. तिथले पगार कमी आणि भाषा परकी. ते लंडनच्या साउथॉल भागात आणि स्विंडन शहरात गेले, गोदामांत, कारखान्यांत, विमानतळांवर, वृद्धाश्रमांत कामाला लागले. दीवच्या गुजराती भाषक कुटुंबांची वस्ती लेस्टरमध्ये वाढली. पदवी घेतलेला तरुण गोदामात खोकी उचलायला एवढ्या लांब का जातो, असे गोव्यात अनेकदा विचारले जाते. खाणी आणि पर्यटन यांच्यावर चालणाऱ्या छोट्या राज्यात त्याला पगाराची कोणती नोकरी मिळाली असती, हेही त्याच दमात विचारायला हवे.

आता नोंदीविषयी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली गोव्यातील एखादी जन्मनोंद समोर घेतली तर तिचा नेटकेपणा नजरेत भरतो. मोठ्या वहीचे पान, झरणीने लिहिलेले तिरके पोर्तुगीज अक्षर. आकड्यांत खाडाखोड होऊ शकते म्हणून तारीख, महिना, साल सगळे अक्षरी लिहिलेले. जन्माची वेळ, गाव. मग मुलाचे नाव, आईवडिलांची नावे, वडिलांचा व्यवसाय, त्यानंतर दोन्ही बाजूंच्या आजीआजोबांची नावे, आणि खाली नोंद करवणाऱ्याची व साक्षीदारांची सही. बाजूला रुंद समास मोकळा सोडलेला. त्या माणसाचे पुढे लग्न झाले, मृत्यू झाला, की त्याची टीप त्याच पानाच्या समासात येते. एका पानावर तीन पिढ्या आणि एका माणसाचे आयुष्य बसते. नोंदणीची ही काटेकोर पद्धत हा पोर्तुगीज राजवटीचा एक खरोखरच चांगला वारसा आहे.

या वह्यांची अस्सल नक्कल, शब्दन्‌शब्द उतरवलेली, गोव्यात ‘तेओर’ या नावाने ओळखली जाते. ती तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारच्या कार्यालयातून मिळते. जुन्या वह्या पणजीच्या पुराभिलेख खात्यात आहेत. पोर्तुगीजांनी १५९५ साली गोव्यात दप्तरखाना स्थापला आणि दियोगो दो कोउतो या इतिहासकाराला त्याचा पहिला रखवालदार नेमले. तिथून चालत आलेले हे दप्तर. नागरी नोंदणी नव्हती त्या काळासाठी ख्रिस्ती कुटुंबांना चर्चच्या बाप्तिस्मा-वह्या उपयोगी पडतात. हिंदू कुटुंबांना असा आधार नसतो. नागरी नोंद झालेली नसेल तर त्यांचा धागा तिथेच अडतो.

पुढची पायरी म्हणजे ही गोव्यातली नोंद लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात चढवणे. त्यासाठी नकलेवर अपोस्टिल हा आंतरराष्ट्रीय शिक्का लागतो. जुनी नोंद मुळातच पोर्तुगीजमध्ये असल्याने तिला भाषांतर लागत नाही, १९६१ नंतरच्या कागदांना लागते. एकट्या जन्मनोंदीवर भागत नाही, आईवडिलांच्या विवाहाची नोंदही चढवावी लागते, कारण मूल कोणाचे हे कायद्याने स्पष्ट असावे लागते. इथे गोव्याच्या जुन्या नागरी कायद्याचा फायदा होतो. गोव्यात विवाहाची नागरी नोंद सर्व धर्मीयांना बंधनकारक असल्याने वधूवरांच्या सह्यांसकट विवाहाचा दाखला बहुधा हाताशी असतो. लिस्बनमध्ये नोंद चढली की जन्मनोंदीचा क्रमांक मिळतो. त्यावर नागरिक ओळखपत्र, आणि ओळखपत्रावर पासपोर्ट. या सगळ्याला गोव्यात थोडक्यात ‘पोर्तुगीज पासपोर्ट काढणे’ म्हणतात, पण पासपोर्ट हा शेवटचा कागद आहे. नागरिकत्व त्याच्या बरेच आधी, नोंदीच्या वेळीच ठरलेले असते.

या वाटेवर सर्वाधिक अडचण येते ती नावांची. पोर्तुगीज कारकुनाने कोंकणी-मराठी नावे आपल्या कानाने ऐकली आणि आपल्या लिपीत उतरवली. ‘श’ साठी त्यांच्याकडे एक्स हे अक्षर, त्यामुळे शंकर, शांताराम, शेट ही नावे एक्सने सुरू होतात. प्रभू ‘पोरोबो’ झाले, कामत ‘कामोतीं’, पै ‘पोय’, शेणै ‘सिनाय’, भट ‘बोटो’. मुक्तीनंतर शाळेत मुलाचे नाव घालताना पुष्कळ हिंदू कुटुंबांनी ‘पोरोबो’ सोडून प्रभू घेतले, किंवा गावावरून -कर लावलेले आडनाव घेतले. ख्रिस्ती कुटुंबांतही एका भावाचे आडनाव एका स्पेलिंगने आणि दुसऱ्याचे वेगळ्याने, असे सर्रास आढळते. लिस्बनच्या कार्यालयात बसलेल्या अधिकाऱ्यापुढे आजोबांचे एक आडनाव आणि नातवाचे दुसरे असले, तर ते एकाच घरचे आहेत हे त्याला कसे कळावे? मग एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र, नावबदलाचा दाखला, कधी न्यायालयाचा आदेश असे कागद जोडावे लागतात. नाव-आडनाव बदलण्यासाठी गोव्यात १९९० सालचा स्वतंत्र कायदा आहे आणि त्या दाखल्याला इथे वजन असते.

या गुंतागुंतीवर एजंटांचा मोठा धंदा उभा राहिला. त्यातले अनेक जण प्रामाणिकपणे कागद जमवून देतात. पण ज्यांचा गोव्याशी काही संबंध नाही अशांसाठी खोट्या जन्मनोंदी तयार केल्याची प्रकरणेही पोलिसांपर्यंत पोहोचली आहेत. अशा नोंदीवर मिळवलेले नागरिकत्व केव्हाही रद्द होऊ शकते, आणि तोपर्यंत माणसाने भारताचेही सोडलेले असते.

भारतीय कायद्याची बाजू समजून घेणे म्हणूनच सर्वांत आवश्यक आहे. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार, जो भारतीय स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतो तो त्या क्षणी भारतीय राहत नाही. त्यासाठी राजीनामा द्यावा लागत नाही, कोणी आदेशही काढावा लागत नाही. नागरिकत्वाच्या नियमांप्रमाणे परदेशी पासपोर्ट घेणे हा अशा स्वेच्छेचा निर्णायक पुरावा आहे, आणि हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच वैध ठरवला आहे.

गोव्यात यावर एक युक्तिवाद नेहमी होतो. पोर्तुगाल हे नागरिकत्व जन्मापासूनचे मानते. मग जे जन्मापासून आहेच ते माणसाने ‘स्वेच्छेने मिळवले’ असे कसे म्हणता येईल? युक्तिवाद तर्काला धरून आहे, पण भारतात तो टिकण्यासारखा नाही. १९६२ च्या आदेशाने पर्याय दिला होता, तो न वापरणारा भारतीय झाला. त्यानंतर त्याने किंवा त्याच्या मुलाने दुसऱ्या देशाचा पासपोर्ट मागितला तर ती नवी कृती आहे, असेच भारतीय यंत्रणा धरून चालतात. खरा वाद उरतो तो पासपोर्ट न काढता नुसती लिस्बनला जन्मनोंद चढवणाऱ्यांचा. पुढे मुलांना उपयोग होईल म्हणून अनेक वडीलधाऱ्यांनी तेवढेच केले आहे. गोव्यातील काही लोकप्रतिनिधींची नावे त्या नोंदवहीत आढळल्यावर हा प्रश्न न्यायालयापर्यंत आणि केंद्र सरकारपर्यंत गेला. एखाद्याने परदेशी नागरिकत्व घेतले की नाही हे ठरवण्याचा अधिकार कायद्याने केंद्र सरकारला दिलेला आहे. नुसत्या नोंदीने काही होत नाही, असे एजंटाच्या तोंडचे आश्वासन त्यामुळे कोणी गृहीत धरू नये.

पोर्तुगीज नागरिक झालेल्या माणसाने भारतीय पासपोर्ट परत करायचा असतो. तो जवळ ठेवणे आणि त्यावर प्रवास करणे हा गुन्हा आहे. मतदार यादीतले नाव काढावे लागते, सरकारी नोकरी राहत नाही. भारतात येण्याजाण्यासाठी त्याच्यासमोर ओसीआय, म्हणजे भारताचा परदेशस्थ नागरिक म्हणून नोंदणी, हा मार्ग असतो. ओसीआयच्या नावात नागरिक हा शब्द असला तरी ते नागरिकत्व नाही. आयुष्यभराचा व्हिसा, राहण्याची आणि बहुतेक खासगी नोकऱ्यांची मुभा मिळते. मतदान, निवडणूक लढवणे, घटनात्मक पदे आणि शेतजमिनीची किंवा बागायतीची खरेदी हे मिळत नाही. ज्यांचा प्रदेश १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात आला अशांचा उल्लेख ओसीआयच्या कलमात खास केला आहे. गोमंतकीय त्यातच येतात. ओसीआयसाठी पासपोर्ट परत केल्याचा दाखला लागतो. काही वर्षे गोव्यात असे पासपोर्ट परत घेण्याऐवजी, ते चुकीची माहिती देऊन वापरले या कारणावरून रद्द केले जात होते, आणि दाखला नसल्याने ओसीआय अडून बसे. एप्रिल २०२४ मध्ये पासपोर्ट रद्द केल्याचा दाखलाही चालेल असे केंद्राने ठरवले, तेव्हा अनेक कुटुंबांची कोंडी फुटली.

ओसीआय हीदेखील पूर्वजांच्या आधारे मिळणारी सवलत आहे. ती साधारणपणे मूळ भारतीयाच्या पणतवंडांपर्यंत जाते. मॉरिशससाठी २०२४ साली ती सातव्या पिढीपर्यंत वाढवल्याचे भारताने जाहीर केले. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसला मजुरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांच्या आजच्या पिढ्यांना तिचा उपयोग आहे, पण त्यांनाही आपला पूर्वज कोणत्या जहाजाने, कोणत्या नावाने उतरला याची नोंद शोधावीच लागते.

पोर्तुगीज पासपोर्टचे मोल कायम राहील असेही नाही. २०१६ च्या सार्वमतानंतर ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत जे तिथे राहायला गेले होते त्यांनाच पूर्वीचे हक्क टिकवता आले, आणि त्यासाठीही सर्वसाधारणपणे ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करणे आवश्यक होते. नंतर पोर्तुगीज झालेल्या गोमंतकीयाला स्विंडनमध्ये कामाचा हक्क आपोआप मिळत नाही. त्याच्यासाठी आता आयर्लंड, जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स हे पर्याय आहेत, आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी नवी भाषा शिकावी लागते. खुद्द पोर्तुगालमध्येही नियम कडक करण्याकडे कल आहे. २०२५ साली तिथल्या संसदेने नागरिकत्व कायद्यात मोठे बदल संमत केले; त्यातील काही तरतुदी डिसेंबरमध्ये घटनात्मक न्यायालयाने घटनेशी विसंगत ठरवल्या. २०२५ अखेर ही घडी बसलेली नव्हती.

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही वंशाच्या तत्त्वाची दुसरी बाजू माहीत असावी. भारताबाहेर १० डिसेंबर १९९२ पूर्वी जन्मलेल्याला भारतीय नागरिकत्व फक्त वडिलांकडून येई. त्यानंतर ते आईकडूनही येऊ लागले. ३ डिसेंबर २००४ पासून भारतीय आईवडिलांच्या परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते. ती चुकली की केंद्र सरकारची परवानगी घेण्याचा खटाटोप मागे लागतो.

ज्या गोमंतकीय कुटुंबाला हा मार्ग घ्यायचा आहे, त्याने एजंट गाठण्याआधी स्वतः रजिस्ट्रारच्या कार्यालयात जाऊन आजीआजोबांच्या जन्माचे आणि विवाहाचे तेओर काढावे आणि त्यांतील प्रत्येक नाव ताडून पाहावे. ज्याला तो मार्ग घ्यायचा नाही त्यानेही ते काढून घरी ठेवावेत. त्या वहीतल्या पानाइतका घराण्याचा भरवशाचा इतिहास दुसरीकडे सहसा मिळत नाही. आणि जाणाऱ्याने परतीची अटही आधीच वाचून ठेवावी : भारतीयत्व गेलेल्या माणसाला ते पुन्हा हवे असेल, तर नोंदणीसाठी अर्ज करण्यापूर्वी लगतचे १२ महिने भारतात राहावे लागते, आणि दुसरे नागरिकत्व सोडावे लागते.